विसाचे चाळीस करण्याआधी: डिसेबिलिटी पेन्शनच्या टक्केवारीचा हिशेब

"वीस टक्के धरलेत साहेब, तेवढे चाळीस करून मिळतात का बघा." डिसेबिलिटी पेन्शनचे कागद घेऊन येणाऱ्या माजी सैनिकाचे पहिले वाक्य बहुधा असेच असते. मागणी खोटी नसते. सेवेत असताना दुखावलेला गुडघा आता जिना चढू देत नाही, कंबर सकाळी अर्धा तास सरळ होत नाही, आणि लष्करी वैद्यकीय बोर्डाने ज्या वर्षी अपंगत्वाचे टक्के लिहिले त्या वर्षीचे शरीर आज राहिलेले नसते. तरीही त्याला द्यावे लागणारे उत्तर ऐकून तो बुचकळ्यात पडतो. त्याचा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, नीट बनलेला असेल, तर विसाचे चाळीस होऊनही त्याच्या खात्यात एक रुपया जास्त येणार नाही. उलट फेरतपासणीत विसाचे पंधरा झाले, तर आज मिळते तेही हातचे जाऊ शकते. हे असे का, आणि मग अर्ज करायचा तर कोणता, एवढेच येथे समजावून घ्यायचे आहे. येथील नियम आणि आकडेमोड २१ सप्टेंबर २०२३ पूर्वी सेवेतून बाहेर पडलेल्यांसाठी आहे. त्या तारखेपासून निवृत्त होणाऱ्यांना नवी नियमावली लागू झाली असून तिच्यात संज्ञाही बदलल्या आहेत.

डिसेबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात. पहिला सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे केलेल्या नोकरीचा भाग, आणि दुसरा डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वापोटी मिळणारा भाग. टक्केवारीचा संबंध फक्त दुसऱ्या भागाशी येतो. तो मिळण्यासाठी १९६१ च्या आर्मी पेन्शन रेग्युलेशनमधील कलम १७३ पासून चालत आलेल्या दोन अटी आहेत. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असले पाहिजे, आणि ते २० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलेले असले पाहिजे. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या हिशेबी वेतनाच्या ३० टक्के रक्कम धरली जाते आणि त्याखालील टक्क्यांना त्याच प्रमाणात कमी. हिशेबी वेतन ४०,००० रुपये असेल, तर १०० टक्क्यांचे १२,००० होतात, ५० टक्क्यांचे ६,००० आणि २० टक्क्यांचे २,४००. महागाई भत्ता त्यावर वेगळा.

येथवर हिशेब सरळ आहे आणि टक्का वाढला की पैसा वाढेल असेच वाटते. पण संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने या हिशेबात पायऱ्या आणल्या. बोर्डाने ५० पेक्षा कमी टक्के ठरवले असतील तर पैसे देताना ते ५० धरायचे, ५० ते ७५ असतील तर ७५ धरायचे, आणि ७६ ते १०० असतील तर पूर्ण १०० धरायचे. कागदोपत्री याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. पेन्शनर मंडळी 'राउंडिंग' म्हणतात. बोर्ड टक्क्यांबाबत एक-दोन घरे इकडेतिकडे होणारच, त्याची झळ जवानाला बसू नये, हा यामागचा हेतू होता. सुरुवातीला हा लाभ अपंगत्वामुळे सेवेतून काढले गेलेल्यांनाच होता. वय पूर्ण करून किंवा ठरलेली मुदत भरून निवृत्त झालेल्यांना तो नाकारला जात असे. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात हा भेद मान्य केला नाही आणि निवृत्तांनाही राउंडिंगचा हक्क असल्याचे सांगितले.

आता पहिल्या वाक्यातल्या विसाकडे परत येऊ. वीस टक्के म्हणजे ५० च्या आतले, म्हणून पैसे ५० टक्क्यांचे. तीस असते तरी ५० चेच आणि चाळीस असते तरी ५० चेच. वरच्या उदाहरणात तिन्ही वेळा हातात ६,००० रुपयेच पडतात. फरक पडतो तो ४० चे ५० झाले तर, कारण ५० हा आकडा पुढच्या पायरीत मोडतो आणि त्याचे ७५ धरले जातात. ६,००० चे ९,००० होतात. त्यानंतरची उडी ७५ ओलांडल्यावर. थोडक्यात, २० ते ४९ हा एक लांबलचक ओटा आहे आणि त्यावर माणूस कुठेही उभा असला तरी उंची सारखीच भरते. पण त्या ओट्याच्या मागच्या कडेला, २० च्या खाली, पायरीच नाही, सरळ खड्डा आहे. म्हणून ज्याचा आकडा वीस आहे त्याने केवळ पैशासाठी फेरतपासणी मागणे म्हणजे जिंकलो तर काही नाही आणि हरलो तर सगळे गेले असा डाव खेळणे होय. चाळीसवाल्याचा डाव वेगळा आहे. त्याला वर जायला एक पायरी हाताशी आहे आणि खाली घसरला तरी वीसपर्यंत धक्का लागत नाही.

यात आणखी एक गाठ आहे. मंत्रालयाच्या ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्रानुसार अपंगत्व कायमस्वरूपी ठरले असेल तर ते जन्मभरासाठी, आणि पुन्हा तपासणी होईल ती फक्त माजी सैनिकाने स्वतः मागितली तर. तात्पुरते ठरले असेल तर एकदा पुनर्तपासणी होते आणि तो आकडाही त्यानंतर जन्मभराचा. हा नियम येण्यापूर्वी दर काही वर्षांनी बोर्डापुढे उभे राहावे लागे, आणि एखाद्या वर्षी आकडा वीसखाली उतरला की पेन्शनचा तो भाग बंद पडे. गावोगावच्या जुन्या जवानांच्या मनात 'रिसर्व्हे'ची धास्ती बसली ती यामुळे. आज सरकार आपणहून बोलावत नाही. पण आपण मागितलेली तपासणी डीजीएएफएमएस, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवांचे महासंचालक, यांनी नेमलेल्या रिव्ह्यू मेडिकल बोर्डापुढे होते आणि त्या बोर्डाने दिलेला आकडा अंतिम मानला जातो. तो आवडला नाही म्हणून जुन्याकडे परत जाता येत नाही.

म्हणून टक्केवारीचा अर्ज लिहायला बसण्याआधी आपले दुखणे टक्केवारीचेच आहे का, हे कागदावर तपासावे. माझ्या पाहण्यात येणाऱ्या बऱ्याच प्रकरणांत ते नसते. तक्रार तीनपैकी एका जागी असते आणि प्रत्येकीचे दार निराळे आहे. एका दारावर दुसऱ्याचा अर्ज घेऊन गेले की दोन वर्षे फुकट जातात.

पहिली जागा म्हणजे निव्वळ आकडेमोड. पीपीओ उघडून डिसेबिलिटी एलिमेंटसमोर बोर्डाचे टक्के आणि देय टक्के असे दोन वेगळे आकडे दिसतात का, ते पाहावे. विशेषतः वय किंवा मुदत पूर्ण करून जुन्या काळी निवृत्त झालेल्यांचा पीपीओ राउंडिंगविना राहिलेला असू शकतो. स्वतःच्या विनंतीवरून लवकर बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत वाद अधिक झाले आहेत, त्यामुळे त्यांनी तर हे जरूर पाहावे. असे असेल तर डॉक्टरसमोर जाण्याची काहीच गरज नाही. रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांसाठी बेळगावला, निवेदन पाठवावे आणि 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवरही तक्रार नोंदवावी. सुधारित पीपीओ प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन्स कार्यालयातून निघतो. वरच्या उदाहरणातल्या जवानाचे वीस टक्के वीसच धरले गेले असतील, तर एका अर्जाने २,४०० चे ६,००० होतात. फेरतपासणीने चाळीस मिळवूनही याहून जास्त हाती लागले नसते.

याच जागेवर दुसरी एक चूक दडलेली असते आणि ती मोठी असते. इजा शत्रूच्या कारवाईत किंवा अधिसूचित ऑपरेशनमध्ये झाली असूनही कागदावर ती साधी सेवासंबंधित इजा म्हणून लिहिली गेली, तर माणसाला वॉर इंज्युरी एलिमेंटऐवजी डिसेबिलिटी एलिमेंट मिळतो. जखमी होऊनही सेवेत राहून पुढे निवृत्त झालेल्याला वॉर इंज्युरी एलिमेंट १०० टक्क्यांमागे वेतनाच्या ६० टक्के दराने मिळतो, म्हणजे साध्या दराच्या दुप्पट. येथे टक्का तोच राहतो, फक्त शीर्षक बदलते. पुरावा लागतो तो त्या दिवसाच्या इंज्युरी रिपोर्टचा, कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या निष्कर्षाचा आणि युनिटच्या पार्ट टू ऑर्डरचा, म्हणजे जवानाच्या सेवेतील घटना नोंदवणाऱ्या आदेशाचा.

दुसरी जागा अधिक कटू आहे. सेवा सोडताना होणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म एएफएमएसएफ १६ हा असतो. त्यात प्रत्येक आजारापुढे तीन प्रश्न असतात. हा सेवेमुळे आला का, सेवेमुळे वाढला का, की सेवेशी संबंध नाही? शेवटच्या रकान्यात 'हो' पडले की त्या आजाराला डॉक्टर 'नाना' म्हणतात. हे 'नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड' (सेवेमुळे आलेला नाही आणि वाढलेलाही नाही) या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे कडबोळे आहे, पण आपल्याकडे घरोघरी नाना असल्यामुळे एका सुभेदारांच्या पत्नी माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "आमच्या नानांची पेन्शन नानांनीच खाल्ली." फॉर्मवर टक्के ३० असोत की ६०, नाना लागले की पैशासाठी ते शून्य. उच्च रक्तदाब, मधुमेह, कंबरेच्या मणक्याची झीज, मानसिक आजार यांच्यापुढे हा शेरा वारंवार दिसतो आणि कारणाच्या जागी एखादी ओळ असते: शरीरधर्मानुसार उद्भवलेला, पीस स्टेशनवर, म्हणजे शांत भागातील नेमणुकीत, सुरू झालेला.

अशा माणसाने टक्के वाढवून मागण्यात अर्थच नाही. त्याने भांडायचे ते शेऱ्याशी. यासाठी २ जुलै २०१३ चा धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आधार ठरला आहे. सिग्नल्समध्ये १९८५ साली भरती झालेल्या आणि १९९४ साली अपस्मारामुळे २० टक्के अपंगत्वासह बाहेर काढलेल्या त्या शिपायाची पेन्शन नाकारली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने अशा पेन्शनच्या हक्काबाबतच्या १९८२ च्या नियमांचा अर्थ लावताना असे म्हटले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे गृहीत धरले पाहिजे, नंतर बिघडलेली प्रकृती सेवेमुळे बिघडली असे मानले पाहिजे, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची आहे. भरतीवेळी आजार ओळखता येण्याजोगा नव्हता असे बोर्डाला म्हणायचे असेल तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. नुसता शेरा म्हणजे कारण नव्हे, हा त्यातला गाभा.

निकाल हाताशी असला तरी अपिलाचा जीव पोस्टिंगच्या नोंदीत असतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत रक्तदाबाबाबत फील्ड, अतिउंच प्रदेश किंवा बंडखोरीविरोधी कामगिरी यांतील सेवेने आजार वाढल्याचे मानण्याची सोय आहे, आणि हृदयविकाराच्या बाबतीत झटक्यापूर्वीच्या १४ दिवसांत माणूस काय काम करत होता हे पाहिले जाते. म्हणून "मी खूप कष्ट केले" असे लिहिण्यापेक्षा, कोणत्या साली कोणत्या महिन्यापासून कोणत्या ठिकाणी, किती उंचीवर होतो, रक्तदाब पहिल्यांदा कोणत्या तारखेला कोणत्या एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) मोजला गेला आणि त्या वेळी फील्डमधून येऊन किती महिने झाले होते, हे एका पानावर तक्त्यासारखे मांडावे. पीस स्टेशनवर आजार 'सापडला' म्हणजे तो तेथे 'सुरू' झाला असे होत नाही, हे त्या पानावरून आपोआप दिसते. नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करायचे, तेही फेटाळले तर दुसरे अपील, आणि त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. महाराष्ट्र आणि गोव्यातील माजी सैनिकांसाठी ट्रायब्युनलचे मुंबई खंडपीठ आहे. २००७ च्या कायद्यानुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो; उशीर झाला असल्यास कारण पटवून तो माफ करून घेता येतो.

उशिराबाबत एक गोष्ट ध्यानात असावी. पेन्शन नाकारणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे असे न्यायालये मानतात, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा नाना आजही आव्हानाबाहेर गेलेला नसतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून अशा उशिरा आलेल्या दाव्यांत थकबाकी सहसा दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली जाते. विचार करण्यात गेलेले प्रत्येक वर्ष असे खिशातून जाते.

सेवेतून अपंगत्वामुळेच काढले गेलेल्या, पण १५ टक्के वगैरे लिहून पेन्शन नाकारलेल्या जवानाची वाटही याच दारातून जाते. २०१४ च्या सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, ज्या अपंगत्वामुळे माणसाला घरी पाठवले ते २० टक्क्यांहून जास्तच समजले पाहिजे. त्यालाही नव्या तपासणीची गरज नाही.

राहिली तिसरी जागा, खरोखरीच टक्के वाढवण्याची. शेरा अनुकूल आहे, राउंडिंग झाले आहे, आणि आजार पुढची पायरी ओलांडण्याइतका वाढला आहे, असे तिन्ही जुळले तर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड मागावे. येथे सर्वांत जास्त घोटाळा होतो तो एकत्रित टक्केवारीचा. समजा, सातारा भागातल्या एका हवालदाराच्या फॉर्मवर कंबरेचे ३० टक्के सेवेमुळे वाढलेले म्हणून आणि रक्तदाबाचे ३० टक्के नाना म्हणून लिहिले आहेत, आणि दोन्ही मिळून एकत्रित ५० दिले आहेत. तीस आणि तीस साठ होत नाहीत, कारण बोर्ड बेरीज करत नाही. उरलेल्या क्षमतेवर दुसऱ्या आजाराचा किती भार पडतो ते बघते. पेन्शनसाठी आज त्याचे फक्त कंबरेचे ३० मोजले जातात, म्हणून पैसे ५० चे. त्याने कंबरेचे ४० करून घेतले तरी पैसे ५० चेच. पण रक्तदाबावरचा नाना अपिलात हटला, तर एकत्रित ५० लागू होतात आणि पैसे ७५ चे. कंबर दुखते म्हणून तो कंबरेसाठी भांडतो आणि रक्तदाबाची गोळी मुकाट्याने घेतो. वाढ मात्र गोळीच्या बाजूला असते.

बोर्ड फक्त मान्य झालेल्या आजाराची आजची स्थिती मोजते, हेही विसरू नये. निवृत्तीनंतर नव्याने झालेला मोतीबिंदू किंवा स्कूटरवरून पडून मोडलेला हात त्यात धरला जात नाही. सेवेतील परिस्थितीचा परिणाम म्हणून उशिरा उघड झालेल्या आजाराचा दावा करता येतो, पण तो स्वतंत्र दावा असतो. तसेच जिल्हा रुग्णालयाचे दिव्यांग प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड घेऊन कुणी म्हणतो की सिव्हिल सर्जनने ४५ दिलेत, मग लष्कराने का नाहीत. ते प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यासाठी आहे, तेथे ४० टक्क्यांची रेषा आहे आणि मोजमापाचे निकष वेगळे आहेत. बसच्या सवलतीला ते उपयोगी पडते. पीपीओ त्याने हलत नाही.

बोर्डापुढे जायचे ठरलेच तर आधी एएफएमएसएफ १६ ची प्रत मिळवावी. ती घरी नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे मागावी, उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात मागावी. मग माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमध्ये निदान वर्षभराचे उपचार त्याच आजाराच्या नावाने नोंदलेले असावेत, कारण खासगी डॉक्टरच्या एका चिठ्ठीपेक्षा सलग नोंदींना बोर्ड जास्त मानते. जुना फॉर्म आणि नवे रिपोर्ट शेजारी ठेवून काय बदलले ते आपल्याला सांगता आले पाहिजे: गुडघा तेव्हा किती अंश वाकत होता आणि आता किती, तेव्हा रक्तदाबाला एक गोळी होती आणि आता तीन. तेव्हाचे आणि आताचे असे दोन आकडे शेजारी मांडताच आले नाहीत, तर अर्ज थांबवावा. १०० टक्के अपंगत्व असलेल्या आणि दुसऱ्याच्या आधाराविना दिवस काढू न शकणाऱ्या माणसाने बोर्डाकडे कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्सची, म्हणजे सतत सोबतीला माणूस लागतो त्यापोटीच्या भत्त्याची, शिफारसही मागावी. ती मागितल्याशिवाय लिहिली जाईलच असे नाही.

अर्ज लिहून देण्यासाठी मिळणाऱ्या थकबाकीतला वाटा मागणारे लोक प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात आणि ते हमखास टक्के वाढवण्याचाच अर्ज करायला लावतात, कारण ग्राहकाला तोच कळतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असे अर्ज लिहून घेण्यास पैसे पडत नाहीत. तेथे जाताना मूळ पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि एएफएमएसएफ १६ घेऊन जावे, पण लॅमिनेशन केलेले नको. प्लास्टिकच्या चमकीत फोटोकॉपी करताना नेमका शेऱ्याचा रकाना पांढरा उमटतो.